आहारातील स्निग्ध पदार्थ व शाळकरी मूल

आरोग्यशास्त्राचा पाठ घेताना प्रथिने व जीवनसत्त्वे यांविषयी शिक्षक आस्थेने बोलतात. स्निग्ध पदार्थांचा विषय मात्र बहुधा दोन वाक्यांत आटोपला जातो. ‘तेलकट-तुपकट खाऊ नये’ एवढे एक वाक्य मुलांच्या वहीत उतरते आणि पाठ संपतो. ज्याचे काम बैठे आहे आणि ज्याच्या ताटात तळलेले पदार्थ रोज असतात, अशा प्रौढ माणसाला हा उपदेश हितकर आहे, यात शंका नाही. परंतु सकाळी चहाबरोबर शिळी भाकरी खाऊन दोन-तीन किलोमीटर पायी शाळेत येणाऱ्या आणि सायंकाळी पातळ आमटीत भाकरी कुस्करून झोपी जाणाऱ्या आठ वर्षांच्या मुलास तोच उपदेश जसाच्या तसा करणे, म्हणजे एकाचे औषध दुसऱ्यास पाजणे होय. स्नेह कशासाठी खावा, किती खावा आणि कोणता खावा, या तीन प्रश्नांची उत्तरे शिक्षकाच्या मनात स्पष्ट असली, तरच तो मुलांना व त्यांच्या पालकांना योग्य सल्ला देऊ शकेल. प्रस्तुत पाठाचा हेतू हाच आहे.

दृश्य व अदृश्य स्नेह

तेल, तूप, लोणी हे स्निग्ध पदार्थ आपल्या डोळ्यांना दिसतात. म्हणून त्यांस दृश्य स्नेह म्हणतात. परंतु शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे, खोबरे, दूध, अंडी, मासे यांतही स्नेह असतो आणि तो सहज दिसत नाही. त्यास अदृश्य स्नेह म्हणावे. शेंगदाणे व तीळ यांच्या वजनाचा सुमारे चाळीस ते पन्नास टक्के भाग स्नेहाचा असतो. सुक्या खोबऱ्यात तर तो साठ टक्क्यांच्या वर जातो. ज्वारी, बाजरी, गहू व तांदूळ यांत तो अगदी थोडा असतो. त्यांतल्या त्यात बाजरीत काहीसा अधिक. यावरून असे दिसून येईल की, ज्या घरी फोडणीला तेल बेताचेच पडते, त्या घरीही दाण्याच्या किंवा तिळाच्या चटणीच्या रूपाने मुलास उत्तम स्नेह मिळू शकतो.

शरीरातील कार्ये

स्नेहाचे पहिले कार्य शक्ती पुरविण्याचे. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून किंवा एक ग्रॅम प्रथिनांपासून सुमारे ४ कॅलरी मिळतात. एक ग्रॅम स्नेहापासून ९ मिळतात. लहान चमचाभर तेलाचे वजन सुमारे ५ ग्रॅम. म्हणजे एका चमच्यातून ४५ कॅलरी शक्ती मिळते. मध्यम आकाराच्या चतकोर भाकरीतून जेवढी शक्ती मिळते, जवळजवळ तेवढीच ही झाली. मुलाचे पोट लहान असते. त्याच्या वाढीस लागणारी सर्व शक्ती केवळ भाकरी-भातातून मिळवावयाची, तर पोट भरते परंतु गरज भागत नाही. अशा मुलाच्या भाकरीवर चमचाभर तेल व चटणी पडली, तर पोटात अधिक जागा न अडविता ती उणीव भरून निघते. निसर्गाने हीच योजना आईच्या दुधात केली आहे. अंगावरच्या दुधातून तान्ह्या बाळास मिळणाऱ्या शक्तीपैकी सुमारे निम्मी शक्ती त्यातील स्नेहापासून मिळते.

दुसरे कार्य शरीराच्या घडणीचे. शरीरातील प्रत्येक पेशीच्या आवरणात स्नेहाचा अंश असतो. पाण्याचा भाग वगळला, तर मेंदूच्या उरलेल्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग स्निग्ध द्रव्यांचा असतो. त्यांपैकी काही द्रव्ये शरीर स्वतः तयार करते. परंतु दोन मेदाम्ले त्याला मुळीच तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. लिनोलेइक व आल्फा-लिनोलेनिक अशी त्यांची नावे आहेत. अमेरिकेतील जॉर्ज बर व मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ साली उंदरांना स्नेहरहित अन्न देऊन पाहिले. अन्य सर्व घटक पुरेसे असूनही त्या उंदरांची वाढ खुंटली व त्यांच्या कातडीला खवले पडले. नंतर आहारात योग्य मेदाम्ल देताच ती लक्षणे ओसरू लागली. स्नेह म्हणजे केवळ शक्तीचा साठा, ही तोवरची समजूत त्या प्रयोगांनी मोडली.

तिसरे कार्य जीवनसत्त्वांच्या वहनाचे. अ, ड, इ व के ही जीवनसत्त्वे पाण्यात विरघळत नाहीत. ती स्नेहात विरघळतात. त्यांपैकी अ जीवनसत्त्वाचा शोधच मुळी स्नेहातून लागला. १९१३ साली मॅकॉलम व मार्गरेट डेव्हिस यांना असे आढळले की, डुकराची चरबी किंवा ऑलिव्हचे तेल खाणाऱ्या उंदरांची वाढ काही काळाने थांबते; त्यांना लोण्यातील किंवा अंड्याच्या बलकातील स्नेह दिला की ती पुन्हा सुरू होते. दोन्ही आहारांत स्नेह होताच. परंतु एकात तो जीवनसत्त्वासह होता आणि दुसऱ्यात त्यावाचून. स्नेहाचे प्रमाण जसे महत्त्वाचे, तसा त्याचा प्रकारही महत्त्वाचा, हा बोध येथे मिळतो.

यांखेरीज कातडीखालील स्नेहाचा थर शरीराची ऊब राखतो, मूत्रपिंडासारख्या नाजूक इंद्रियांभोवती तो गादीसारखा राहतो, आणि अन्नाला रुची आणून भूक बराच वेळ भागवितो.

रश्श्यावरचा तवंग

वरील तिसरे कार्य ग्रामीण शाळेच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. आपल्याकडील पुष्कळ मुलांना दूध, लोणी, अंडी यांचा लाभ रोज होत नाही. त्यांना अ जीवनसत्त्व मिळावयाचे ते मुख्यतः शेवग्याचा पाला, मेथी, पालक, चवळई, गाजर, तांबडा भोपळा यांसारख्या भाज्यांतून. या भाज्यांत कॅरोटीन नावाचे रंगद्रव्य असते व शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनविते. हे जीवनसत्त्व कमी पडले, तर प्रथम रातांधळेपणा येतो. दुर्लक्ष झाल्यास बुबुळास इजा होऊन दृष्टी कायमची जाऊ शकते. रोगप्रतिकाराची शक्तीही मंदावते. म्हणूनच आपल्या देशात १९७० सालापासून लहान बालकांना अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम राबविला गेला आहे.

परंतु कॅरोटीन नुसते पोटात गेल्याने भागत नाही. आतड्यातून ते रक्तात शोषले जाण्यास सोबतीला स्नेह लागतो. केवळ पाण्यात उकडलेली पालेभाजी मुलाने खाल्ली, तर तिच्यातील कॅरोटीनचा बराचसा भाग वाया जातो. तीच भाजी चमचाभर तेलात परतली, किंवा तिच्यात दाण्याचे कूट घातले, तर ती अंगी लागते. यासाठी तेलाची धार लागत नाही. एका जेवणात पाच ग्रॅमच्या आसपास स्नेह पुरेसा होतो.

याचे प्रत्यंतर आपल्या रोजच्या स्वयंपाकातच आहे. रश्श्यावर तरंगणारा तवंग लालभडक दिसतो, कारण मिरचीचे रंगद्रव्य पाण्यात न उतरता तेलात उतरते. कॅरोटीन त्याच कुळातले आहे. तवंगाचा रंग दाखवून शिक्षकाने हे तत्त्व सांगितले, तर मूल ते सहसा विसरणार नाही.

किती खावे?

चार ते बारा वर्षांच्या मुलांसाठी वयोमानाप्रमाणे दररोज साधारण २५ ते ३५ ग्रॅम दृश्य स्नेह असावा, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशींचे धोरण आहे. चमच्यांच्या हिशेबाने हे पाच ते सात लहान चमचे झाले. यात भाजीची फोडणी, पोळीवरचे तूप, तळणीचे तेल हे सर्व धरावयाचे असते.

शालेय पोषण आहाराच्या केंद्रीय निकषांत पहिली ते पाचवीच्या मुलामागे ५ ग्रॅम व सहावी ते आठवीच्या मुलामागे ७.५ ग्रॅम तेल ठरविलेले आहे. म्हणजे दिवसाच्या गरजेचा केवळ पाचवा-सहावा हिस्सा शाळेतून मिळतो. बाकीचा घरून मिळावयास हवा. जे मूल घरी कोरडी भाकरी खाते, त्याच्या दृष्टीने शाळेतील तो एक चमचा फार मोलाचा आहे. तो त्याच्या ताटात खरोखर पडतो की नाही, हे पाहणे शिक्षकाचे कर्तव्य आहे.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. तेल पाण्याहून हलके असल्याने आमटीच्या पातेल्यात ते वर येते आणि डाळ तळाशी बसते. वाढणाऱ्याने न ढवळता वरवर पळी भरली, तर पहिल्या पंगतीतील मुलांना सारे तेल जाते, मधल्यांना पाणी आणि शेवटच्यांना गाळ. पातेले तळापासून ढवळून प्रत्येक वेळी पळी भरावी, एवढी सूचना स्वयंपाक करणाऱ्या भगिनींना दिली, तर एक पैसाही अधिक खर्च न होता सर्वांना समान वाटा मिळेल.

कोणता स्नेह चांगला?

मेदाम्लांचे दोन मुख्य वर्ग आहेत : संपृक्त व असंपृक्त. तूप, लोणी, खोबरेल व पामतेल यांत संपृक्त मेदाम्ले पुष्कळ असतात. शेंगदाणा, तीळ, करडई, सूर्यफूल, मोहरी, जवस यांच्या तेलांत असंपृक्त अधिक असतात. संपृक्त स्नेहाचा अतिरेक रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितो व पुढे हृदयविकारास वाव देतो. म्हणून एकूण शक्तीच्या दहा टक्क्यांहून अधिक शक्ती त्यापासून मिळू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. याचा अर्थ तूप हे विष आहे असा नव्हे. वरणभातावरचे चमचाभर तूप मुलास पोषकच आहे. मात्र भर वनस्पतिज तेलांवर व तेलबियांवर असावा.

त्यातही एकाच तेलाचा आग्रह धरू नये. करडई व सूर्यफूल यांत लिनोलेइक आम्ल विपुल असते. आल्फा-लिनोलेनिक आम्ल मात्र जवस, सोयाबीन, मोहरी व अल्प प्रमाणात हिरव्या पालेभाज्या यांतच मिळते. जवसाच्या स्नेहाचा तर सुमारे निम्मा भाग याच आम्लाचा असतो. किनाऱ्यावरील तारली, बांगडा यांसारख्या मासळीत याच कुळातील उपयुक्त मेदाम्ले तयार स्वरूपात असतात.

आपल्या पूर्वजांना या आम्लांची नावे ठाऊक नव्हती; परंतु त्यांच्या आहारात विविधता होती. विदर्भात जवस, मराठवाड्यात व सोलापूरकडे करडई, घाटावर शेंगदाणा व कारळे, कोकणात नारळ व मासळी असे स्नेहाचे साठे ठिकठिकाणी होते. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि दाण्यातिळाचे कूट घातलेली मिसळीची भाजी खाण्याचा जो परिपाठ आहे, तो ऐन थंडीत शक्ती व स्नेह पुरविणारा आहे. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत १२ ते १४ ग्रॅम स्नेह व सुमारे ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. मधल्या सुट्टीसाठी गूळ-शेंगदाण्यासारखा सोपा व स्वस्त खाऊ विरळाच. जवस मात्र भाजून व कुटून खावे. अखंड बी न पचता तसेच बाहेर पडते.

कोणत्या गोष्टी टाळाव्यात?

वनस्पती तूप : द्रवरूप तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या कृतीचे पेटंट जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मन यांनी १९०२ साली घेतले. त्या कृतीतून पुढे वनस्पती तूप बाजारात आले. ही क्रिया अर्धवट केल्यास ट्रान्स मेदाम्ले निर्माण होतात. ती अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितात व हितकारक कोलेस्टेरॉल घटवितात; म्हणजे दोन्हीकडून नुकसान. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेल व स्निग्ध पदार्थांतील यांची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून तीन टक्के व १ जानेवारी २०२२ पासून दोन टक्के केली. तरीही वनस्पती तुपाचा वापर रोजच्या आहारात नसलेलाच बरा.

पुनःपुन्हा तापविलेले तेल : तळणीचे तेल वारंवार तापविले की काळे व दाट होते, लवकर धुरावते आणि त्यात घातक द्रव्ये तयार होतात. जत्रेत किंवा रस्त्यावर त्याच त्या कढईत तळलेल्या पदार्थांचा मोह आवरावा. घरी उरलेले तळणीचे तेल गाळून, पुन्हा न तळता, एक-दोन दिवसांत फोडणीस वापरून संपवावे.

खवट तेल व बुरशीचे दाणे : हवा, उष्णता व उजेड यांमुळे तेल खवट होते. ते झाकण घट्ट लावून अंधाऱ्या, थंड जागी ठेवावे. तांब्या-पितळेच्या भांड्यात साठवू नये. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांत यकृतास अपाय करणारे विष असते व ते भाजल्याने पूर्णपणे जात नाही. असे दाणे निवडून टाकून द्यावेत.

भेसळ : पडीक रानात उगवणारा पिवळा धोत्रा मुलांच्या ओळखीचा असतो. त्याचे बी मोहरीसारखे दिसते आणि त्याचे तेल विषारी असते. १९९८ साली दिल्लीत या तेलाची भेसळ झालेल्या मोहरीच्या तेलामुळे साठांहून अधिक माणसे दगावली. म्हणून सुटे, अनोळखी तेल घेऊ नये. खात्रीच्या घाण्यावरचे किंवा मोहोरबंद डब्यातील घ्यावे. अ व ड जीवनसत्त्वे मिसळलेले तेल मिळत असल्यास शालेय आहारासाठी ते पसंत करावे.

पुड्यांतील खाऊ : आज खेड्यातील लहानशा दुकानातही तळलेल्या खाऊच्या पुड्या टांगलेल्या दिसतात. अशा खाऊत शंभर ग्रॅममागे तीस ग्रॅमच्या आसपास स्नेह असतो, तो बहुधा पामतेलाचा, आणि जोडीला भरपूर मीठ. त्यात जीवनसत्त्वे वा प्रथिने नाममात्र असतात. एकाच वर्गात एका बाकावर स्नेहाच्या अभावाने कृश झालेले मूल आणि दुसऱ्या बाकावर पुड्या खाऊन घरचे जेवण टाळणारे मूल, असे दृश्य आज दिसू शकते. पहिल्यास ‘थोडे तेल घे’ व दुसऱ्यास ‘पुडी सोड’ असे वेगवेगळे सांगावे लागेल. दोघांनाही भाजी, भाकरी व दाण्याची चटणी मात्र सारखीच हितकर आहे.

वर्गात पाठ कसा घ्यावा?

पुढील प्रयोगांस कसलेही खर्चाचे साहित्य लागत नाही.

१. डागाचा प्रयोग : कोऱ्या कागदाच्या वेगवेगळ्या भागांवर शेंगदाणा, तीळ, खोबरे, ज्वारी व तांदूळ ठेचून चोळावेत. एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकावा. कागद वाळल्यावर उजेडासमोर धरावा. पाण्याचा डाग नाहीसा होतो. स्नेहाचा डाग अर्धपारदर्शक राहतो. कोणत्या जिन्नसात अदृश्य स्नेह आहे, हे मुलांनी स्वतः ठरवावे.

२. रंगाचा प्रयोग : गाजराचा कीस दोन वाट्यांत घ्यावा. एकीत गार पाणी व दुसरीत किंचित कोमट तेल घालून ढवळावे व काही वेळ ठेवावे. तेलास नारिंगी छटा येते. पाण्यास तशी येत नाही. हे नारिंगी द्रव्य तेच कॅरोटीन, हे येथे सांगावे. तेल कोमट करण्याचे काम शिक्षकाने स्वतः करावे.

३. थंडीचा प्रयोग : हिवाळ्याच्या पहाटे खोबरेल गोठते, शेंगदाण्याचे तेल सहसा पातळच राहते. दोन बाटल्या शेजारी ठेवून संपृक्त व असंपृक्त हा भेद समजावून द्यावा.

गणिताशीही हा विषय सहज जोडता येतो. १२० मुलांच्या प्राथमिक शाळेस दररोज किती तेल लागेल? १२० × ५ = ६०० ग्रॅम. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९२० ग्रॅम असते. तेव्हा ६०० ग्रॅम तेल म्हणजे सुमारे ६५० मिलिलिटर. हे उदाहरण वरच्या वर्गातील मुलांकडून करवून घ्यावे आणि शाळेच्या स्वयंपाकघरातील मापाशी ताडून पाहावे.

पालकसभेत लांबलचक व्याख्यान देऊ नये. पालेभाजी कोरडी उकडू नये. मुलाच्या भाकरीवर तेल-चटणी द्यावी. तळणीचे तेल पुन्हा तळणीस घेऊ नये. पुडीच्या पैशांत शेंगदाणे घ्यावेत, एवढ्या चार गोष्टी पुरेत. शाळेच्या परसबागेत शेवग्याचे एक झाड लावले आणि त्याचा पाला आठवड्यातून दोनदा फोडणी देऊन मुलांच्या ताटात आला, तर पाठाचे सार्थक झाले असे समजावे.

संध्याकाळी दिवेलागणीनंतर जे मूल चाचपडते, अडखळते, त्याची नोंद वर्गशिक्षकाने अवश्य ठेवावी व त्यास विनाविलंब आरोग्य केंद्रात दाखवावे. आहाराचा सल्ला हा त्या उपचारास पूरक आहे. त्याच्या जागी नाही.

स्वाध्याय

१. आपल्या गावात पिकणाऱ्या तेलबियांची यादी करा व प्रत्येकीपासून घरी कोणते पदार्थ होतात ते लिहा.
२. पाण्यात उकडलेली मेथी व तेलात परतलेली मेथी यांपैकी कोणती अधिक अंगी लागते? कारण द्या.
३. खाऊच्या रिकाम्या पुडीवरील मजकूर वाचा. शंभर ग्रॅममागे स्नेह किती, ते पाहून त्याचे चमचे किती होतात ते काढा.
४. आमटी वाढण्यापूर्वी पातेले तळापासून का ढवळावे?